उजवा कौल

"असो प्रश्न देवाक घालूचो नसता," बाबा तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदाही त्यांचं कोणी ऐकलं नाही.

ग्रामदेव गांगोच्या देवळात त्या दिवशी खारगोळची साठ-सत्तर माणसं जमली होती. मानकरी पुढे खांबांना टेकून बसले होते, बाकीचे जागा मिळेल तिथे, आणि बायका पायऱ्यांवर. मध्ये एका खुर्चीवर आमच्या वनखात्याचे कुलथे साहेब. खुर्ची शाळेतून मागवलेली. साहेब बिचारे खाली बसायला तयार होते, पण पाहुण्याला खाली बसवणं गावालाच बरं दिसेना. त्यांच्या मागे मी उभा होतो. वय चोवीस, खात्यात रोजंदारीवरचा राखणदार, आणि देवळाचे गुरव सोनू गुरव यांचा एकुलता एक मुलगा. म्हणजे मी दोन्हीकडचा होतो. दोन्हीकडचा माणूस शेवटी कुठलाच राहत नाही, हे तेव्हा कळत नव्हतं.

प्रश्न खाडीचा होता. खाडीच्या दोन्ही काठांनी कांदळवन, गावाच्या भाषेत चिपी, आणि त्या चिपीत पाणमांजरं. खात्याला तो सगळा पट्टा राखीव करायचा होता, आणि त्यासाठी गावाचा ठराव हवा होता.

"मगे कोणाक घालूचो प्रश्न, गुरवानू?" तात्या राण्यांनी विचारलं. तात्या म्हणजे गावचे पहिले मानकरी. "अर्धो गाव होय म्हणता, अर्धो नाय म्हणता. सायबांका शुक्रवारपर्यंत ठराव होयो. देवाक इचारूक नको तर काय करूचा?"

"भांडा. भांडान ठरवा," बाबा म्हणाले. "खाडी आपली, चिपी आपली, पोट आपला. ह्यो प्रश्न आपल्या अकलेचो आसा. देवाच्या माथ्यार कित्याक मारतास?"

लोक हसले. खारगोळमध्ये अकलेवर सोडलेला प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तेवढ्यात पायऱ्यांवरून चंद्राकाकी उठली. चंद्रभागा तांडेल. नवरा होडीवरून पडून गेला तेव्हा पदरात तीन मुलं होती. ओहोटीला, म्हणजे आमच्या सुकतीला, खडपं उघडी पडली की ही कोयती घेऊन उतरायची आणि खडकाला चिकटलेली कालवं फोडून काढायची. तीनही मुलं तिने कालवांवर वाढवली. तिच्याबरोबर आणखी आठ-नऊ बायका तेच करायच्या.

"त्या खडपार माजी सासू कालवा काडी, तिची सासू काडी," काकी म्हणाली. "उद्या तुमचा राखीव झाला, मगे आमी खय जातलो?"

"बाई, कालवं काढणाऱ्या बायकांना कोणी हात लावणार नाही," कुलथे साहेब म्हणाले. "हा माझा शब्द."

काकीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. "सायबांच्या शब्दाची माका वळख नाय. तुज्या शब्दाची आसा. तू सांग रे दिगू."

सगळ्या देवळाने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"काकी," मी म्हटलं, "तुज्या टोपलेक जो हात लावीत, त्येका आदी माका हात लावचो लागतलो."

काकी खाली बसली. पण गावाची दोन तोंडं काही एक होईनात. शेवटी गुरुवारी सकाळी कौल लावायचं ठरलं.

आमच्याकडचा कौल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवाला आंघोळ घालून काळा पाषाण कोरडा करायचा. मग फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून त्याच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या. त्यांना आम्ही कळे म्हणतो. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न सांगायचा आणि सगळ्यांनी बघत बसायचं. उजवा कळा आधी पडला तर देवाचं होय, डावा पडला तर नाही. कधी पाच मिनिटांत पडतो, कधी दोन दोन तास माणसं तिष्ठत बसतात. लग्नं त्याच्यावर जुळतात, मोडतात. जमिनीचे वाद मिटतात. कोर्टात हरलेला माणूस वर अपील करतो. डावा कौल मिळालेला माणूस मुकाट्याने घरी जातो.

गावाबाहेर पडल्यावर साहेबांनी मला जीपमध्ये घेतलं.

"दिगंबर, ठराव झाला तर तुझं नाव कायम करायला पाठवतो," ते म्हणाले. "आणि नाही झाला, तर ही खाडी कोळंबीवाल्यांच्या घशात जाईल. त्यांचे अर्ज पडलेत. चिपी तोडतील, तळी खणतील. मग तुझी पाणमांजरं फोटोत बघ."

साहेब खोटं बोलत नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आज मी स्वतःला कितीही शिव्या घातल्या तरी हेही सांगितलं पाहिजे की ती पाणमांजरं माझा जीव होती. सातांचं कुटुंब होतं. ओहोटीला चिखलाच्या उतारावरून ती एकामागून एक घसरत पाण्यात जायची आणि पुन्हा वर येऊन घसरायची, निव्वळ मजेसाठी. मी तासन् तास चिपीत बसून बघायचो. त्यांच्यासाठी काहीही करावं असं वाटायचं. आणि खाकीसाठीही वाटायचं. दोन्हीतलं जास्त काय वाटायचं, ते मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

गुरुवारी सकाळी बाबांची कंबर धरली. अंथरुणातून उठता उठेनात.

"आज देवाक तू न्हाऊ घाल," ते म्हणाले. "मी मागसून येतंय. दोनी खांदे एकाच फडक्यान पूस. सारके पूस. देवाच्या अंगार आपलो हात दिसता नये."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घराण्याने सात पिढ्या त्या एका गोष्टीवर मान मिळवला होता.

देवळात मी एकटाच होतो. विहिरीचं पाणी आणलं, देवाला आंघोळ घातली, दोन्ही खांदे एकाच फडक्याने पुसले, सारखे पुसले. मग समईत तेल घातलं. बोटाला तेल लागलं होतं. ते मी फडक्याला पुसू शकलो असतो. मी देवाच्या उजव्या खांद्यावर पुसलं. एकदा, हलक्या हाताने, जिथे कळा चिकटवतात तिथेच. काळ्या पाषाणावर काही दिसलंसुद्धा नाही. "देवा, चांगल्यासाठीच करतंय," असंही वर म्हणालो. वाईट काम करताना देवाला विश्वासात घ्यायची अक्कल माणसाला कुठून येते कोण जाणे.

नऊ वाजता गाव जमलं. बाबा काठी टेकत आले. त्यांनी कळे भिजवले, दोन्ही खांद्यांवर लावले आणि मागे सरून गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बा देवा गांगो म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

"आज ह्यो खारगोळचो बारा-पाचाचो मेळो तुज्या पायाकडे इलो हा. खाडयेचो इषय आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ही खाडी सरकारच्या हातात..."

आणि उजवा कळा पडला.

प्रश्न अजून पुरता सांगूनही झाला नव्हता. देवळात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, गाराणा तरी पुरा होऊ दे!" तेल जास्त झालं होतं.

बाबा काठी टेकत गाभाऱ्यात गेले आणि पडलेला कळा उचलायला वाकले. उठताना आधाराला त्यांनी देवाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. निदान मला तरी तो आधारच वाटला. मग त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि गावाकडे तोंड केलं.

"देवाक घाय झालीहा," ते म्हणाले. "उजवो दिल्यान."

लोक हसले, हात जोडले गेले. पायऱ्यांवरून चंद्राकाकी पुढे आली. ठरावाच्या विरुद्ध सगळ्यात जास्त तीच बोलली होती. "देवान दिल्यान, मगे माजा काय म्हणना नाय," असं म्हणून तिने ठरावाच्या कागदावर अंगठा उठवला. बायकांमध्ये पहिला अंगठा तिचा. शाईचा डबा मीच धरला होता.

तीन महिन्यांत मी कायम झालो. खाकी अंगावर आली. आई नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी बाबांच्याच पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि "इस्त्री बरी झालीहा" एवढंच म्हणाले. मला वाटलं, म्हातारा मनातून खूश आहे, पण दाखवत नाही.

पुढच्या वर्षी कुलथे साहेबांची बदली झाली, बढती मिळून. मग नकाशा आला. तांबड्या रेघेच्या आत खाडी होती, चिपी होती आणि कालवांची खडपंही होती. रेघेच्या आत माणसाने पाऊल टाकायचं नाही, काही काढायचं नाही. मी नव्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, बायकांना शब्द दिला आहे.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तोंडी दिला होता, साहेब."

"तोंडी शब्द फायलीत लागत नाही," ते म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. फाइल चाळून त्यांनी खरोखर शोधलं.

फलक लागला, पण बायका उतरायच्या थांबल्या नाहीत. थांबून खाणार काय? शेवटी एका मंगळवारी सुकतीच्या वेळी साहेब स्वतः आले. बरोबर मी आणि आणखी दोन शिपाई. खडपावर नऊ बायका वाकून कालवं फोडत होत्या. आम्हाला बघून बाकीच्या उभ्या राहिल्या. चंद्राकाकी वाकलेलीच होती.

"टोपल्या घ्या ताब्यात," साहेब म्हणाले. "दिगंबर, सुरुवात कर."

मी काकीसमोर जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, ती देवळातलं माझं बोलणं तोंडावर फेकेल. शिव्या देईल, कोयती उगारेल. तिने तसं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने माझ्याकडे बघून टोपली स्वतःच पुढे केली.

"घे," ती म्हणाली. "जड आसा. सांबाळ, खडप निसरडा आसा."

मी टोपली घेतली. पंचनामा माझ्याच अक्षरात आहे. जप्त केलेली कालवं साहेबांनी परत पाण्यात टाकायला लावली, जीव वाचावेत म्हणून. खडकावरून एकदा सुटलेलं कालव पुन्हा चिकटत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्या रविवारी काकीने गाव देवळात गोळा केलं. मीही गेलो, ड्यूटीवरून थेट, खाकीतच. शेवटच्या खांबापाशी उभा राहिलो.

काकीचा आवाज चढलेला नव्हता. "देवान होय सांगल्यान, म्हणान मी अंगठो दिलंय," ती म्हणाली. "माजी देवाकडे तक्रार नाय. पण आता आमी नऊ घरांनी खावचा काय, ताय त्येकाच इचारूया. गुरवानू, कळे लावा."

बाबा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभे होते. हातात कळ्यांचं तबक होतं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"मी कळे लावचंय नाय," ते म्हणाले.

"कित्याक?" तात्या राण्यांनी विचारलं.

"मागलो कौल देवाचो नाय होतो. उजव्या खांद्यार त्याल होता."

तात्या उठले. त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं.

"त्याल कोणी लावल्यान?"

"देवळाची चावी कोणाकडे असता, तात्या?"

"तुमच्याकडे."

"मगे?" बाबा म्हणाले.

तात्यांची नजर सगळ्या मंडपावरून फिरली. माझ्यावरूनही फिरली आणि पुढे गेली. तेवढा वेळ पुरेसा होता. मला तोंड होतं, आवाज होता. "त्याल मी लावलंय" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण माझ्या डोक्यात खात्याची चौकशी आली, नोकरी आली, आणि खरं सांगतो, ही खाडी माझ्याशिवाय कोण सांभाळणार, असाही उदात्त विचार आला. भित्र्या माणसाला उदात्त विचार फार वेळेवर सुचतात. मी खांबाला धरून उभा राहिलो.

"सात पिढये देवान पोसल्यान तुमका," तात्या म्हणाले.

बाबांनी कमरेची चावी सोडली आणि कोणी मागायच्या आधीच उंबऱ्यावर ठेवली. पायऱ्या उतरताना त्यांना आधार द्यायला मी पुढे झालो, तर त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा हात धरला. सगळ्यांसमोर. लोक बाजूला झाले. एक म्हातारी पुटपुटली, "लेकाचो तरी आधार आसा."

बांधावरून घरी आलो. अंगणात पाऊल टाकलं आणि मला राहवलं नाही.

"बाबानू, तुमी खोटा कित्याक बोललात?"

"खोटा खय बोललंय?"

"त्याल मी लावलंय."

"ता माका ठाव आसा," ते पडवीत बसत म्हणाले. "आंगठ्याक लागला तेवाच कळला. पण 'उजवो दिल्यान' म्हणान गावाक कोणी सांगल्यान? तू? मी सांगलंय. तेवा एक शब्द बोललंय असतंय, खांदो पुसून कळे परत लावतंय म्हटलंय असतंय, तर त्या बायकांची कालवा रवली असती. देव समोर होतो रे. आणि माका तुजी खाकी दिसली." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "त्याल तुजा, दिगू. कौल माजोच."

"मगे माजा नाव तरी घेवचा होता!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू घेतलस?" त्यांनी विचारलं.

त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

कौल खोटा निघाला म्हणून गावाने ठराव मागे घ्यायचा अर्ज केला. साहेबांनी तो वाचून परत पाठवला. देवाचं चुकलं म्हणून सरकारी आदेश रद्द होत नसतो, असं ते मला हसत म्हणाले, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो. कोळंबीची तळी व्हायची ती झालीच, रेघेच्या बाहेर, नियमात बसवून. पाणमांजरांना रेघ कोण समजावणार? ती तळ्यांवर कोळंबी खायला जायची आणि जाळ्यांत अडकून मरायची. सातांतली दोन मी स्वतःच्या हाताने काढली. काकीची दोन मुलं गोव्याला हॉटेलात भांडी घासायला गेली, तिसरा तळ्यांवर पहारेकरी लागला. मला पुढे उत्तम काम केल्याबद्दल खात्याची ढाल मिळाली. कुंपणाने शेत खाल्लं तरी ढाल कुंपणालाच मिळते.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. देवळाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. जत्रेच्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून हात जोडायचे. नवा गुरव शेजारच्या गावचा आणला होता. तो दोन्ही खांदे सारखे पुसतो की नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, आणि माणसं उत्तर न देता निघून जायची. पोरंटोरं त्यांना "त्यालगुरव" म्हणायची. मी खाकीत असलो की आवाज बंद व्हायचे.

ते गेले तेव्हा गावातून खांदा द्यायला तिघंच आले. चौथा मी.

दहाव्याला चंद्राकाकी आली. खूप वाकली होती. पिंडाला कावळा शिवून गेला होता, आम्ही पडवीत बसलो होतो. तिने सुपारी घेतली नाही. बराच वेळ मळलेल्या पदराशी चाळा करत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"झिला," ती म्हणाली, "गेलेल्या माणसाबद्दल बोलूचा नाय. पण तुज्या बापाशीन बरा केल्यान नाय."

मी सुपारीचं तबक पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"त्या दिवशी खडपार टोपली घेताना तुज्या डोळ्यांत पाणी होता. मी बगलंय. मी सगळ्यांका सांगतंय, बापूस कसोय असो, झील सरळ निगालो. बापाशीवर गेलो नाय." तिने माझा गुडघा थोपटला. "तेचा पाप तू मनाक लावन घेव नको."

"होय काकी," मी म्हटलं.